उपाशी गोधडी

आयुषला पाळणाघरात झोप येत नव्हती. ते चालवणाऱ्या नवसाबाईंनी मला स्पष्टच सांगितलं, "दुपारी झोपणारी पोरं ठेवते मी. हा रडून सगळ्यांना उठवतो. अजून आठवडाभर बघू, नाहीतर तुम्ही दुसरीकडे बघा." दुसरीकडे म्हणजे कुठे, ते काही त्या बोलल्या नाहीत. माझी रजा संपत आली होती. आयुष झोपला नाही तर माझी नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं.

मुलाला आपल्या घरचं अंथरूण लागतं, असं मी मोबाइलवर कुठेतरी वाचलं. लगेच मेन रोडवरून छापील चित्रांचं सुती कापड आणलं. त्यावर चौकोनाचौकोनांत प्राणी होते. ते चौकोन कापून मध्ये निळ्या पट्ट्या जोडायच्या, आत आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, जुन्या साड्यांचे थर घालायचे, अशी माझी योजना. त्यांच्या बुद्धपौर्णिमेला नेसायच्या पांढऱ्या साड्या धुऊन धुऊन अगदी मऊ झाल्या होत्या. त्या अस्तराला.

आयुष हाताला लागेल ते चोखतो, म्हणून आधी रंग जातोय का ते बघायला कापड तीनदा धुतलं. मग चौकोन फरशीवर मांडले. सिंहाचं तोंड उघडं होतं, त्याला पायाशी टाकलं. घुबड टक्क जागं होतं, तेही पायाशी. पण शेजारी शेजारी आल्यावर दोघंही जास्तच जागे वाटायला लागले. अस्वल तेवढं झोपलेलं, त्याला उशाशी जागा दिली. माकड कुठेही ठेवलं तरी काहीतरी उद्योग करणार असं वाटत होतं.

माझा नवरा राकेश सातपूरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आला आणि चौकोनांना वळसा घालत म्हणाला, "हत्तीला खिडकीजवळ दे. गरम होत असेल त्याला."

"चेष्टा नको हं."

"चेष्टा कुठे? आमच्याकडे मशिनी बसवतानासुद्धा एवढा विचार करत नाहीत."

आई शेंगा सोलत बसल्या होत्या. "तेजल, डोळे मिटल्यावर त्याला सिंह दिसणार कसा गं?"

"मिटायच्या आधी दिसेल ना, आई. मग मिटणारच नाही तो."

त्या जरा विचारात पडल्या. मला वाटलं, पटलं. "मग सगळे पालथे लाव," त्या म्हणाल्या.

धावदोरा घालायचं काम त्यांचं. मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या आईंचे टाके रुळासारखे सरळ जातात. शेवटचा कोपरा उरला तशी त्यांनी सुई थांबवली. "जा, पोळीचा तुकडा आण. गोधडीला घास द्यायचाय." त्यांच्या माहेरी गोधडी बंद करण्याआधी कोपऱ्यात असा घास ठेवत.

मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय. बुरश्यांची नावं मला पाठ आहेत. "नको, आई. मुंग्या येतील. आणि आयुष कोपराच तोंडात घालतो."

"बरं, राहिलं. आमची आई म्हणायची, उपाशी गोधडी पोराला झोपू देत नाही. पण राहू दे."

एवढं बोलून त्या शांत झाल्या. मी काही शांत झाले नाही. मी आंघोळ करून आले तोवर गोधडी शिवून तयार होती. मग आई भाजी आणायला खाली उतरल्या, तशी मी त्यांनी शेवटी शिवलेल्या कोपऱ्याच्या समोरचा कोपरा उसवला. खायला घालायचंच तर कोरडं कशाला, म्हणून पोळीच्या तुकड्याला गूळ लावला, तो आत सरकवला आणि टाके घातले. ते जरा वाकडे आले.

सोमवारी आयुषला गोधडीसकट सोडून आले. दुपारी नवसाबाईंचा फोन.

"तुमच्या गोधडीला मुंग्या लागल्यात."

"काळ्या की लाल?"

"काय?"

"मुंग्या. काळ्या की लाल?"

"काळ्या. दोन कोपऱ्यांतून दोन रांगा निघाल्यात."

"आणि आयुष?"

"तो कशाला गोधडीवर थांबतोय. उतरून फरशीवर पालथा पडला आणि मुंग्या बघत बसला. आज रडला नाही हो. बघता बघता तिथंच झोपला. अजून झोपलाय."

संध्याकाळी गोधडी घरी आली. आई ती उलटीपालटी करून बघत होत्या. "मी तर एवढासाच ठेवला होता. तोही कोरडा. तू आंघोळीला गेलीस तेव्हा." मग त्यांचा हात समोरच्या कोपऱ्यावर थांबला. "हे टाके माझे नाहीत."

मी आयुषचं नाक पुसायला घेतलं. त्याचं नाक स्वच्छ होतं.

"गूळ?" त्यांनी विचारलं.

"थोडासा."

त्यांनी कोपरा उसवायला कात्री उचलली. मी त्यांचा हात धरला. "राहू द्या, आई. आठवडाभर तरी." मग जरा घुटमळून विचारलं, "अजून थोडा घालू का?"

"घाल की," आई म्हणाल्या. "पण काळ्याच येतील, असं कुठं वाचायला मिळतंय का बघ आधी."