पहिली कळ शेठची

दिघाशीच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप आनंदीबाईंनी काढलं आणि आधी पदर नाकाला लावला. तीन महिन्यांपूर्वीच्या उद्घाटनाचे हार तिन्ही पडद्यांवर तसेच लोंबत होते. झेंडू कुजून काळा पडला होता. कीबोर्डवर नारळाचं पाणी सांडलेलं कुणी पुसलं नव्हतं. कळांच्या फटींतून मुंग्यांची ये-जा चाललेली.

"शी! एकालाही फडकं मारावंसं वाटलं नाही?"

"कोन मारील, बाई? चालत तर हायेच न्हाय." दारात उभ्या असलेल्या दामूने तोंडातला गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात ढकलला. "बारा वाजता टेम्पो येतोय. केसरीनाथ शेठ बोलले, शाळेत नुसती पडून असलेली मशिनी आपल्या काल्हेरच्या गोडावनात लावा, मालाचे गेटपास तरी निघतील."

दामू बाईंचाच जुना विद्यार्थी, आता शेठकडे कामाला. "चालू असली तर?" बाईंनी विचारलं.

"चालू असली तर कशाला नेतील? पन बाई, न्हाय चालनार." आणि त्याने खिडकीतून पिचकारी मारली. अर्धी बाहेर गेली, अर्धी गजांवर राहिली.

बाईंनी पुन्हा पदर नाकाला लावला. पण साडेदहा वाजले होते, आणि व्हरांड्यात चौथीची अकरा पोरं चपला काढून बसली होती. उद्घाटनाला त्यांनी मागे उभं राहून पाहिलं होतं: शेठने माउस धरून पडद्यावरच्या भाकरीचे दोन तुकडे केले, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. त्या दिवसापासून बाईंनी अपूर्णांक काढला, की मेघाली विचारायची, "बाई, ती भाकरी आमी कवा तोडायची?"

यंत्रं शेठने दिलेली, मांडणी त्याचा मुलगा दीपेश याची. त्याने फुकटातलं लिनक्स घातलं होतं. गणिताची सीडी मात्र विंडोजसाठी बनवलेली. म्हणून मध्ये एक प्रोग्राम बसवला होता, विंडोजची भाषा लिनक्सला समजावणारा. त्याचं नाव वाईन. पोरांसमोर बाई ते नाव घेत नसत, दुभाष्या म्हणत.

बाईंनी भाकरीच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. काही नाही. दामू हसला.

बाईंनी सीडी पदराने पुसून पुन्हा घातली. दुभाष्याला सांगितलं, विंडोज अठ्ठ्याण्णवसारखा वाग. मग सांगितलं, एक्सपीसारखा वाग. काही नाही. अकरा वाजले.

"चित्राला तोंड नसतं," त्या पोरांना म्हणाल्या. "नुसतं दाबून ते का रुसलंय ते कळत नाही. नावाने हाक मारायची, मग ते बोलतं." त्यांनी पडद्यावर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली, प्रोग्रामचं नाव एकेक अक्षर हुडकून टाइप केलं. लगेच खाली इंग्रजीत एक ओळ उमटली. बाईंनी ती पोरांना मराठीत सांगितली: "हा कप्पा तुमच्या मालकीचा नाही."

"मंग कोनाचा?" मेघालीने विचारलं.

बाईंनी त्या कप्प्यापुढे, म्हणजे फोल्डरपुढे, लिहिलेलं मालकाचं नाव पाहिलं. पोरांचं 'शाळा' हे खातं नव्हतं तिथे. यंत्राच्या 'मुख्य मालक' या खात्याचं होतं. त्यांनी दीपेशला फोन लावला.

"अरे, खातं पोरांचं आणि आतला कप्पा मालकाचा, हे कसं रे झालं?"

"बाई, त्या दिवशी पपांना पोरांच्या हक्काने कसं बसवणार? चीफ गेस्ट ते! तिन्हीवर पहिल्यांदा मालकाच्या हक्काने चालू करून दिलं. पहिल्यांदा चालवताना दुभाष्या आपला कप्पा बनवतो, त्यावर चालवणाऱ्याचं नाव पडतं..." तो मध्येच थांबला. "अय्यो. पुन्हा पोरांचं केलंच नाही मी."

"तीन महिने, दीपेश!"

"सॉरी, बाई. मालकाचा पासवर्ड घ्या. पपांचंच नाव हाय, सगळं जोडून."

बाईंनी फोन ठेवला. एका माणसाच्या एका टिचकीसाठी अकरा पोरं व्हरांड्यात, आणि आता दार उघडायचं तरी त्याचंच नाव टाइप करून. नारळाच्या पाण्याने चिकट झालेल्या कळा बोटांना लागत होत्या. प्रत्येक अक्षराला बाईंना शिसारी येत होती. तरी त्यांनी नाव पुरं केलं.

"बघा रे," त्या म्हणाल्या, "सातबाऱ्यावर नाव शेठचं, नांगर तुमचा. म्हणून जमीन हात लावू देत नव्हती. आता नाव बदलायचं." एका ओळीत त्यांनी तो कप्पा, आतल्या सगळ्यासकट, 'शाळा'च्या नावे केला. मग दुसऱ्या यंत्रावर. मग तिसऱ्यावर.

"मेघाली, ये. हात पूस आधी. दाब."

मेघालीने टिचकी मारली. पडदा क्षणभर काळा झाला, आणि भाकरी आली. तिने चार तुकडे केले, मग एकाचे दोन. अकरा डोकी पडद्यावर वाकली.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. दामू आत आला, पाहतच राहिला. "आयला, चालू झाला? थांबा, शेठला फोन लावतो. सोमवारी येतील, परत एक नारळ फोडू, फोटो—"

"दामू."

चौथीत दोनदा बसलेल्या दामूला तो आवाज ओळखीचा होता. काढलेला फोन त्याने पुन्हा खिशात टाकला.

बाईंनी तिन्ही पडद्यांवरचे हार दोन बोटांनी उचलले आणि त्याच्या दोन्ही हातांत ठेवले. काळा चिकट झेंडू त्याच्या मनगटावर ओघळला.

"शेठना सांग, उद्घाटन झालं. आणि हे टेम्पोत टाक, मोकळा कशाला नेतोस?"

दामूला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंड पुन्हा गुटख्याच्या थुंकीने भरलं होतं. त्याने खिडकीकडे पाहिलं. बाई खिडकीसमोर उभ्या राहिल्या. गाल फुगवून, हार अंगापासून लांब धरून, तो रस्त्याकडे चालू लागला.