चुलीचं सुतक
मंगरू गेल्यापासून घरात मासळी शिजली नव्हती. दहावा होईपर्यंत शिजायचीही नव्हती. तळ्यावर जाळं टाकून जगणाऱ्या त्या घराला नुसत्या वरण-भाताचा वास येई आणि मंगरूच्या मुलीला, ज्योत्सनाला, आपण परक्याच घरी आलोय असं वाटे.

ती नागपूरला संशोधक होती. तळ्यांतले बारके मासे टिकावेत आणि ते आधी बाळंतिणींच्या ताटात पडावेत, याच कामात तिची सगळी नोकरी खर्ची पडली होती. बोटरीसारखी बारकी मासळी काट्यासकट खाल्ली की अंगात काय येतं, हे ती अंगणवाड्यांतून सांगत फिरे. बाळंतिणीला मासे न मिळण्याचं मोठं कारण सासूचा धाक, असं तिनं एका निबंधात लिहिलं होतं. तो निबंध गाजलाही.

आता भावाची बायको रेणू महिन्याची बाळंतीण होती, तिला रक्त कमी होतं, आणि ज्योत्सना गप्प होती. कुठल्याशा परिषदेतून निघायला उशीर झाला आणि बापाचं तोंड तिला पाहायला मिळालं नव्हतं. बाप गेला नि हिला मासळी सुचून राहिली, एवढं तरी कोणी म्हणू नये, असं तिला वाटे.

दुपारी शेजारची केशरबाई मागच्या दारानं आली. पदराखाली बोटरीच्या रश्श्याची वाटी होती, रेणूसाठी. ओसरीवर आंधळगावचे पाहुणे बसले होते. ज्योत्सनानं तिकडे पाहिलं आणि दारात हात आडवा धरला.

"सुतक आहे, काकू. माय काय म्हणेल?"

केशरबाई तशीच परत गेली. बाळाला पाजता पाजता रेणूनं सारं पाहिलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "तुमच्या भाषणात तर असं नव्हतं."

संध्याकाळी सखाबाईनं, ज्योत्सनाच्या आईनं, केशर येऊन गेली का म्हणून विचारलं. ज्योत्सनानं झालं ते सांगितलं.

"म्याच सांगतलं होतं तिले, तुह्या घरी रांधून आण म्हणून. चुलीले सुतक रायते, बाळंतिणीले नाही." मग हळूच म्हणाली, "मले विचारलं काहून नाही?"

गावोगावच्या सासवांना ज्योत्सनानं किती प्रश्न विचारले होते. आपल्या आईचं उत्तर मात्र तिनं न विचारताच ठरवून टाकलं होतं.

ती केशरबाईकडे गेली. केशरबाईनं चुलीवरून मानही वर केली नाही. "का बाई, फिटलं का सुतक?" ज्योत्सना म्हणाली, चुकलं माझं. रस्सा केव्हाच संपला होता. आता उद्या जाळं निघेल तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी वाटी तिनं स्वतः आणली, पुढच्या दारानं, न झाकता. ओसरीवरचे पाहुणे वाटीकडे पाहू लागले. मग एका म्हाताऱ्या पाहुण्यानं पाय आवरून तिला वाट दिली आणि शेजारच्यालाही सरकायला सांगितलं, बाळंतिणीचं आहे म्हणून.

रेणूनं वाटी घेतली, भिंतीकडे तोंड केलं आणि जेवू लागली. ज्योत्सना बाळाला मांडीवर घेऊन तिच्या पाठीमागे बसून राहिली.