नानांचं ‘येतंय’

सुगंधाने दुसरी घंटा दिली आणि भोंग्यातून एक लांब शिट्टी निघून माईक गप्प झाला. लाऊडस्पीकरवाल्या बेनेडिक्टने पेटीची मागची फळी उघडली, आत डोकावून पाहिलं आणि हात झटकले.

"वॉल्व्ह गेला. दुसरा नाही माझ्याकडे."

"मग आणा ना कुठून तरी," सुगंधा म्हणाली.

"कुठून आणू? आज रविवार. दुकानं बंद."

घाटकोपरच्या भटवाडीतलं हे पूजेचं नाटक. सत्यनारायणाचा प्रसाद एक वेळ चुकला तरी चालेल, नाटक चुकता कामा नये, असा तिथला रिवाज. घरोघरच्या चटया, पाट आणि स्टुलं पार रस्त्यापर्यंत मांडलेली होती. मंडळाच्या नटांना तर माईकची इतकी सवय लागली होती की राजाने गर्जना केली तरी ती चौथ्या चटईच्या पलीकडे पोचली नसती.

आजवर पडद्यामागचा सगळा कारभार सुगंधाचे सासरे, गुणाजीनाना, बघत आले होते. गेल्या वर्षी ऐन प्रवेशात पडद्याची दोरी त्यांच्या बोटांतून निसटली आणि पडदा राजाच्या मुकुटावर येऊन बसला. लोक पोट धरधरून हसले. नाना हसले नाहीत. यंदाच्या सभेत ते एवढंच म्हणाले, "सुनेक द्या." लग्न होऊन आल्यापासून सुगंधा त्यांच्या हाताखाली राबली होती, तरी चिटणीस अनंतने नाक मुरडलं. बाईमाणसाला दिलं की असंच व्हायचं, हे वाक्य तो महिनाभर तोंडात घोळवत होता. आज ते बोलायची वेळ आली होती.

"नाना कुठायत?" अनंतने विचारलं.

"आत्ता इथेच होते. सगळ्या दोऱ्या ओढून बघितल्या, घंटा माझ्या हातात दिली आणि ‘येतंय गो’ म्हणून गेले."

"येतो म्हणालेत ना? मग येतील. ते आल्याशिवाय तू कशाला हात लावू नकोस."

तसं तिलाही थांबणं भागच होतं. पडद्यामागचं माणूस न् माणूस जागेवर असल्याशिवाय तिसरी घंटा द्यायची नाही, हा नानांचाच नियम. सगळे मागच्या कनातीच्या फटीकडे डोळे लावून बसले. नाना आले नाहीत. बाहेर टाळ्या सुरू झाल्या, मग शिट्ट्या. राजाच्या मिशीचा डिंक घामाने सुटू लागला. सुगंधाला नानांचा राग आला. नाटक चालू असताना हा माणूस कधी पान खायलासुद्धा हलला नाही, आणि आज नेमका गेला कुठे? राग आला तशी त्यांची आठवणही आली, आणि तिला अगदी एकटं वाटलं.

तिने पडद्याच्या भोकातून बाहेर पाहिलं. पुढे पाहुण्यांचे सोफे, त्यांच्यामागे दोरी लावून मोकळी ठेवलेली ऐसपैस जागा, आणि मग माणसं.

"सोफे उचला," ती म्हणाली.

"आणि पाहुणे?" अनंतचा आवाज चिरकला.

"बसू देत की सोफ्यावरच. कडेला."

ती पदर खोचून पडद्याबाहेर गेली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाली, "माईक बंद पडलाय. नाटक होणार. पण चटया घेऊन पुढे या, अगदी स्टेजला चिकटून बसा."

कोणी हललं नाही. दुपारपासून चटई टाकून धरलेली जागा बाईच्या सांगण्यावरून कोण सोडणार? कोणीतरी हसलं.

तेवढ्यात पार मागे, रस्त्याच्या कडेला, एक म्हातारा उठला. त्याने आपली चटई गुंडाळून काखेत मारली आणि वाट काढत तो पुढे येऊ लागला. डोळ्यांवर दिव्याचा उजेड येत असल्यामुळे तिला चेहरा दिसेना, पण डावा पाय जरा फेकत टाकायची ती चाल ती रोज घरात बघत होती. म्हातारा स्टेजच्या पुढ्यात आला, चटई अंथरून बसला. त्याच्यामागून एक बाई उठली, मग पोरंटोरं, मग सगळं मैदानच. प्रमुख पाहुण्यांनी स्वतः सोफ्याचं एक टोक धरलं. अनंतला त्या दृश्याकडे बघवेना.

ती आत आली.

"नाना आले?" अनंतने विचारलं.

"आले," ती म्हणाली आणि तिने तिसरी घंटा दिली.

पहिला अंक शेवटच्या चटईपर्यंत ऐकू गेला. पडदा पडताच सुगंधा त्याच्याखालून वाकून खाली उतरली. नाना मांडी घालून बसले होते. त्यांची बोटं अजून गुडघ्यावर नसलेली दोरी सोडत होती.

"नाना, येतंय म्हणून गेलात. आम्ही वाट बघत बसलो तुमची."

"मगे काय, जातंय म्हणू?"

नानांची नजर तिच्या खांद्यावरून बंद पडद्याकडे गेली.

"आतल्या पडद्यावरचा जंगल हयसून अगदी खरा दिसता गो," ते म्हणाले. "माका आजपर्यंत त्याची मागची ठिगळाच दिसली."

सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तशीच त्यांच्यापुढे उभी राहिली. आत राजाने मिशी पुन्हा चिकटवली होती, आणि अनंत पडद्याच्या कडेने तिला खुणा करत होता.

"जा आता, घंटा दी," नाना म्हणाले. "आणि बाजूक हो. माका दिसणा नाय."