तालियाचा दात

आमच्या घरातल्या पुरुषांचे जुने फोटो पाहिले तर सगळ्यांची तोंडं मिटलेली दिसतात. बर्फावरच्या हॉकीत बाबांचे पुढचे चार दात गेले, लुबोमिरदादाचे दोन, माझा एक. फोटोपुरतं सोडलं तर कॅनडातल्या सस्कॅचवानमधल्या आमच्या गावात याचं कुणाला फारसं काही वाटायचं नाही. बाबा तर पाहुण्यांसमोर कवळी काढून कुठला दात कुठल्या सामन्यात गेला ते सांगत बसायचे.

दादाची बायको, ओरिसिया वहिनी, धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळायची. तिला या गोष्टीचं कधीच कौतुक वाटलं नाही. त्यांची तालिया पाच वर्षांची झाली आणि स्केट बांधून उभी राहिली, त्या हिवाळ्यात वहिनीने घरामागे बर्फाचं मैदान करायचं मनावर घेतलं. उणे पंचवीसच्या थंडीत रबरी नळी धरून आठवडाभर तिने थरावर थर पाणी सोडलं. बर्फ गुळगुळीत झाला त्या दिवशी स्वयंपाकघरात पाणी उकळत ठेवून तिने आम्हा सगळ्यांना ओळीने बसवलं. माउथगार्ड, म्हणजे खेळताना दातांवर घालायचं कवच, गरम पाण्यात मऊ करायचा, तोंडात घालून घट्ट चावायला लावायचं, की तो ज्याच्या त्याच्या दातांवर बेतून बसतो.

"मला कशाला?" बाबा म्हणाले. "माझं काय राहिलंय तुटायचं?"

"मागचे दात आहेत की, बाबा. आणि जबडा आहे. तो तर दिवसभर चालू असतो."

दादा फिसकन हसला. "हसताय ना, तोंड उघडलंच आहे तर घ्या, चावा," असं म्हणून तिने त्याचाही माउथगार्ड बसवून घेतला. मग सगळ्यांना बजावलं, "मैदान मी केलंय. तोंडात हे नसेल त्याने खिडकीतून बघायचं."

बाबांनी यातून पळवाट काढली. "मी खेळत कुठे, नुसता उभा असतो," म्हणत ते साधे बूट घालून, काठी घेऊन कडेला उभे राहायचे. वहिनीने तेवढं चालवून घेतलं.

तालिया तेरा वर्षांची असतानाची गोष्ट. फेब्रुवारीतला रविवार होता. खेळ संपला होता. तालिया माउथगार्ड हातात घेऊन गोलजवळ माझ्याशी बोलत होती. पायाशी घरंगळत आलेली रबरी चकती बाबांनी सहज गोलाकडे मारली. ती खांबावर आपटली आणि उसळून सरळ तालियाच्या तोंडावर बसली.

पोरगी ओणवी झाली. बर्फावर रक्त, आणि वरचा पुढचा दात जागेवर नाही. बाबांच्या हातून काठी गळून पडली.

वहिनी घरातून धावत आली. "कुणी पाय हलवू नका," ती म्हणाली. गुडघ्यांवर बसून तिने दात शोधला आणि तो चावायच्या टोकाला धरून उचलला. "भावजी, पेलाभर दूध आणा." मी धावत आणलं, त्यात अर्धं दूध वाटेतच सांडलं. उरलेल्या दुधात तिने दात नुसता हलवून घेतला. मुळाला बोटही लावलं नाही.

"तालू, माझ्याकडे बघ. दुखेल, पण एकदाच." तिने दात खाचेत परत सरकवला, वर स्वच्छ रुमाल ठेवला. "आता चाव. सोडू नकोस."

दंतवैद्य सत्तर किलोमीटरवर. दादा बाहेरगावी होता, म्हणून गाडी वहिनीनेच चालवली. वाऱ्याने रस्त्यावर भुरभुर बर्फ वाहत होता. मी बाजूला बसून दवाखान्यात कळवलं. मागे बाबा नातीचा हात धरून बसले होते.

दंतवैद्यबाईंनी तारेने तो दात शेजारच्या दातांना बांधला. "वेळेत आणि नीट बसवलात," त्या म्हणाल्या. "आता धरेल असं वाटतंय."

बाहेर बाकावर बाबा वहिनीला म्हणाले, "मी मारली ती. मला दोन शब्द बोल तरी."

"चूक माझीही आहे, बाबा. तुम्ही काठी घेऊन उभे राहायचात, ते मी चालवून घेतलं. आजपासून बर्फावर पाय आहे तोवर तोंडातलं काढायचं नाही. कुणीच नाही. उभं राहणाऱ्यानेसुद्धा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतःच पाणी उकळत ठेवलं आणि वहिनीला हाक मारली.

दात धरला. पुढे त्याच्या मुळावर उपचार करावे लागले, रंग किंचित मळला, पण आज तालिया वीस वर्षांची आहे आणि तो जागेवर आहे. ती विद्यापीठाच्या संघातून खेळते.

मध्यंतरी मी वहिनीला विचारलं, "तुला त्या दिवशी भीती कशी वाटली नाही?"

"दवाखान्यात पोचल्यावर मी तुमच्या दादांना फोन करायला म्हणून मागे गेले होते, आठवतंय?" ती म्हणाली. "फोन नंतर केला. आधी भिंतीला धरून ओकले."