फुंकरीने सांधलेलं हाड

हॉलच्या दारातून निघालेली रांग औषधाच्या दुकानापुढून वळली होती, आणि औषधवाला गिऱ्हाईक सोडून तिच्याकडेच बघत बसला होता. आत फुंकरबाबा मोडकी हाडं सांधत होते. सुरी नाही, प्लास्टर नाही. दुखऱ्या जागी थंडगार तेल चोळायचं, डोळे मिटायचे आणि एक फुंकर मारायची. शंकेखोरांसाठी पुरावा भिंतीवर टांगलेला: लाकडी चौकट, तिच्यामागे दिवा आणि दोन एक्स-रे. पहिल्यात मनगटाच्या हाडावर काळी रेघ, दुसऱ्यात रेघ गायब.

"यंत्र खोटं बोलेल का, ताई?" बाबा विचारायचे. "ते बिचारं फुकटचं खरं बोलतं."

ते मनगट सुताराचं होतं, आणि चौकटही त्यानेच 'बऱ्या झालेल्या' हाताने करून दिलेली. मनगट तेवढं दिसावं आणि बोटं झाकली जावीत असं माप बाबांनीच धाडलं होतं. बोटांच्या पसाऱ्याने म्हणे भक्ताचं लक्ष उडतं. एरवी कपाटाचं दार बोटभर आखूड सांगितलं तरी गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेणारा हा माणूस. इथे मात्र त्याने निमूटपणे लाकूड कापलं.

शिडीवरून पडताना त्याने उजवा हात टेकला होता. सरकारी दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घातलं, पण ते निघालं तरी हाड जुळलेलं नव्हतं. बाईंनी समजावलं की अंगठ्याच्या मुळाशी काजूच्या आकाराचं हे हाड असतं. त्याला रक्त बहुतेक एकाच टोकाकडून मिळतं, म्हणून ते भरून यायला रेंगाळतं. तुकडे अजून जागचे हललेले नाहीत, तेव्हा कातडीला बारीक चीर देऊन आत एक स्क्रू बसवला तर जुळायची चांगली आशा आहे. सुताराचा जन्म स्क्रू पिळण्यात गेला होता, पण आपल्याच हाडात म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसली. त्याने फुंकरबाबांची वाट धरली.

तेल लागलं आणि कळ पळाली. बाबांच्या मेहुण्याचं एक्स-रे फोटो काढायचं दुकान हॉलच्या मागेच होतं. त्याने शक्तीचा तोल बघायचा म्हणून दोन्ही हातांचे फोटो काढले, आणि त्यातला एक दवाखान्यातल्या जुन्या फोटोशेजारी चौकटीत गेला. सुताराने रंधा हाती घेतला. कळ आली की तेल, कळ गेली की रंधा, असं वर्षभर चाललं. मग एके दिवशी खुर्चीचा पाय धरता धरता पकडच सुटली.

"फुंकर विझली वाटतं," बायको म्हणाली. "चला आता बाईंकडे."

जाताना त्याने चौकटीतला बिनरेघेचा फोटो काढून घेतला. चौकट त्याचीच, त्यामुळे कुणी हटकलं नाही. एकदा सांधलेलं हाड नव्याने मोडलं, हे त्याला बाईंना पटवायचं होतं.

बाईंनी आधी अंगठ्याच्या मुळाशी पडणाऱ्या खळग्यात बोट दाबलं. सुतार कळवळला. मग त्यांनी फोटो खिडकीशी धरला, अख्खाच्या अख्खा.

"उजवा हात पुढे करा बघू."

सुताराची उजवी तर्जनी पेरभर तोकडी होती. तरुणपणी करवतीने नेलेली. फोटोतली तर्जनी टोकापर्यंत शाबूत होती.

"बाबांनी बोटही उगवून दिलं का हो?" बाईंनी विचारलं.

बायकोला हसू फुटलं. नवऱ्याचा चेहरा बघून ते तिथेच विरलं.

बाईंनी फोटो पालथा केला. हा डावा हात, त्यांनी सांगितलं, कधीच न मोडलेला. उलटा टांगला की उजवा दिसतो. तेलाच्या थंडाव्याने कळ तेवढी दबते, आणि हे हाड असंही मधेमधे गप्प बसतं. गप्प बसणं म्हणजे जुळणं नव्हे.

"मग आता बसवा तो स्क्रू," सुतार म्हणाला.

"तेव्हा बारीक चिरेवर भागलं असतं. आता एक तुकडा रक्तावाचून मेलाय, हाड खचलंय. मोठं ऑपरेशन करावं लागेल, कमरेचं हाड काढून तिथे भरायचं. रंधा मारण्याइतका जोर परत येईल, असं वचन मी देणार नाही."

सुतार तिथून थेट हॉलवर गेला. एका हातात फोटो आणि दुसरा हात उघडा धरून त्याने रांगेला सगळं सांगितलं. बाबांनी शांतपणे निदान केलं, "याची श्रद्धा तडकली, म्हणून हाड तडकलं." एक आजी म्हणाली, बाबांनी तुला सूक्ष्म बोट दिलंय रे, तुझ्या पापी डोळ्यांना दिसत नाही एवढंच.

आजीला सोडून तो उरलेल्यांना म्हणाला, "हात जोडायचे तर जोडा, मी अडवत नाही. पण हाड मोडलं तर हाड शिकलेल्याकडे जा, आणि लवकर जा. चमत्काराचा फोटो दाखवला तर तो अख्खा मागा, हातात घ्या, उलटसुलट करा. चौकटीचं माप असं का, हे मी विचारलं नाही, त्याची किंमत या मनगटाने मोजली."

मनगट सुजलेली एक शिवणकाम करणारी बाई रांगेतून निघाली आणि दवाखान्याच्या दिशेने चालू लागली. तिची जागा भरायला मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकले.