आईच्या नावाचा वायफाय

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, की तुम्ही एका मोठ्या कॉलेजच्या आवारात राहता. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीखाली अंगण. टेबलावर आईचा लॅपटॉप उघडा आहे आणि पडद्याच्या कोपऱ्यात वायफायची ती इवलीशी खूण आता दिसते, आता जाते. आई हताश होऊन बसली आहे. आणि खूण का जाते, हे घरात फक्त तुम्हालाच कळलंय. सांगावं की लपवावं, कळेनासं होतं ना? तसंच बबडीला झालं होतं.

बबडीची आई त्या कॉलेजात संशोधन करत होती, मातीतल्या बुरशीवर. लग्न, नोकरी, बबडी, सगळं झाल्यावर तिनं पुन्हा शिकायला घेतलं होतं, आणि आता शेवटची तोंडी परीक्षा तेवढी उरली होती. परीक्षक दूरच्या गावी. ते लॅपटॉपवरून प्रश्न विचारणार आणि आई घरी बसून उत्तरं देणार. परीक्षा त्याच दिवशी, दुपारी होती.

आठवडाभर वायफाय टिकत नव्हता. सरावाला बसावं, तर बोलता बोलता समोरचा चेहरा गोठायचा. आईनं लॅपटॉप बंद करून चालू केला, खिडकीत नेला, दारात नेला, एकदा तर कपड्यांच्या कपाटावर ठेवून खुर्चीवर उभी राहून बोलली.

"तू पुन्हा काहीतरी भलतंच दाबलंस," बबडी म्हणायची. "आई, तुला ना, मशीनमधलं काही कळत नाही!"

"नाहीच कळत गं," आई म्हणायची. "माझ्या हाताला गुणच नाही."

शेवटी त्या सकाळी नेटवर्कवाला दादा आला. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी. त्यानं लॅपटॉपला वायफाय विसरायला लावलं, पुन्हा जोडलं, स्वतःचा फोन शेजारी ठेवून पाहिलं.

"सिग्नल तर चांगला आहे, ताई," तो म्हणाला. "एक विचारू? तुमचा पासवर्ड आणखी कोणाकडे आहे का?"

"का हो?"

"आपल्याकडे एका नावावर दोनच यंत्रं चालतात. शाळेतला बाक असतो ना, दोघांचा? तिसरा एका टोकाला घुसला, की दुसऱ्या टोकाचा पडतो. तसं आहे. नवा आला, की आधीच्यातला एखादा बाहेर. तुमचा लॅपटॉप सतत चालू, म्हणजे ढकलला जायची पाळी पुन्हा पुन्हा त्याचीच."

आई हसली. "छे हो! मी आणि ही बबडी, दोघीच. हिच्या टॅबला मीच टाकून दिलाय. ती कुणाला देणार नाही. एकदा सांगितलं, की संपलं, अशी आहे माझी पोर."

बबडीचे कान तापले.

कारण पासवर्ड अंगणातल्या सगळ्या टोळीकडे होता. बाकीच्या घरी मुलांना आपापला पासवर्ड सांगत नसत. बबडीनं मात्र एका संध्याकाळी ऐटीत सांगून टाकलं होतं, "हा माझा स्वतःचा वायफाय आहे. मला पुढारी करत असाल, तर देते." तेव्हापासून कोण कुठल्या गटात, पहिला डाव कुणाचा, हे सगळं बबडी ठरवत होती. टोळी तिला राणीसाहेब म्हणायची, आणि तिला ते फार आवडायचं.

आता बोलावं, असं तिला वाटलं. पण आईनं नुकतंच केलेलं कौतुक मध्ये येऊन उभं राहिलं. कसं बोलणार? तिनं चपला घातल्या आणि धावत खाली गेली.

टोळी जिन्याच्या पायरीवर फोन, टॅब घेऊन बसली होती.

"बंद करा! सगळ्यांनी वायफाय बंद करा."

"आज्ञा राणीसाहेब!" टिल्लूनं सलाम ठोकला. "पण का?"

"मी सांगते म्हणून."

"अगं, मी जिंकत आलोय!"

"माझा वायफाय आहे ना? मग बंद म्हणजे बंद!"

कुरकुरत सगळ्यांनी बंद केला. बबडी एकेकाच्या पडद्यात डोकावून वर आली. मनात म्हणाली, झालं, कुणाला काही कळायलाच नको.

वर खरंच सगळं सुरळीत चाललं होतं. खूण स्थिर होती. आईनं हुश्श केलं, दादानं पिशवी आवरायला घेतली. आणि खूण गेली.

बबडीला खात्री होती, हा टिल्लूच.

"मग लॅपटॉपमध्येच खोट असणार," दादा डोकं खाजवत म्हणाला. "न्यावा लागेल. आज काही मिळायचा नाही."

आईनं लॅपटॉपवरची नसलेली धूळ पदरानं पुसली. मग हळूच म्हणाली, "जाऊ दे. परीक्षक सरांना कळवते, आज जमणार नाही म्हणून. खरं सांगू का दादा, या वयात हे सगळं माझ्यासाठी नव्हतंच. ही पोर रोज सांगते, तुला कळत नाही. तिला कळतं ते मला कळायला हवं होतं." आणि तिनं सरांना कळवायला फोन हातात घेतला.

"आई, थांब!"

आवाज इतका मोठा निघाला, की बबडी स्वतःच दचकली.

"मी दिलाय पासवर्ड. खाली सगळ्यांना. माझा वायफाय आहे म्हणून सांगितलं. आत्ता बंद करायला गेले होते, तर टिल्लूनं पुन्हा लावला."

दादा उगाचच वायर गुंडाळत बसला. परक्या माणसासमोर हे सगळं चाललंय, या विचारानं बबडीला जमिनीत शिरावंसं वाटत होतं.

आई रागावली असती, तर बरं झालं असतं. आईनं फक्त विचारलं, "मघाशी दादांनी विचारलं, तेव्हाच तुला कळलं होतं?"

"हो."

"आणि मी आत्ता स्वतःला नावं ठेवत होते, ती ऐकत उभी राहिलीस?"

बबडीनं मान डोलावली. त्यानंतर तिला आईकडे बघवेना.

दादानं लॅपटॉप आईपुढे सरकवला. "नवा पासवर्ड टाका, ताई. बाकीचे सगळे आपोआप बाहेर होतील. परीक्षेला पुष्कळ वेळ आहे."

आईची बोटं कळांवर गेली आणि थांबली. तिनं एकदाच, अगदी क्षणभर, बबडीकडे पाहिलं.

बबडीनं आपला टॅब टेबलावर ठेवला, आईजवळ. गॅलरीत गेली आणि दार मागे ओढून घेतलं, आईला नवा पासवर्ड निवांत टाकता यावा म्हणून. खालून टिल्लू ओरडला, "ओ राणीसाहेब! वायफाय गेला की! काय केलंत?"

बबडीनं कठडा घट्ट धरला, आणि सगळ्या टोळीलाच नव्हे, तर दाराआड बसलेल्या आईलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "मी खोटं बोलले होते! तो माझा नव्हता. माझ्या आईचा होता, आणि तिला न विचारता मी तुम्हाला दिला!"