खिडकीच्या खोलीसाठी नव्वी-सत्ती

घड्याळवालीच्या पुढ्यातली पोकरच्या चिप्सची चळत आता आगपेटीएवढीच उरली होती. स्पर्धेच्या टेबलावर तिघंच टिकले होते: ती, डावीकडे तिचा धाकटा दीर, आणि उजवीकडे डोंगर राखून बसलेले दातांचे डॉक्टर.

डॉक्टरांशी तिला घेणंदेणं नव्हतं. घरात खिडकीची खोली एकच. दोघांपैकी जो जास्त टिकेल त्याची ती, असं दीर-भावजयीचं सगळ्यांदेखत ठरलं होतं. तिला तिथल्या उजेडात घड्याळं उघडायची होती. त्याला सोफा टाकून लोळायचं होतं.

"कंटाळलात तर उठा हो, वहिनी," दीर म्हणाला. "तुमचं टेबल जिन्याखाली नीट लावून देतो. वर एक दिवाही देईन, माझ्यातर्फे."

"आधी पानं बघा, भाऊजी. दिवे मग लावा."

तिने आपली पाहिली. किलवरची नव्वी, किलवरची सत्ती. असली पानं टाकून ती मघापासून मुकाट डाव सोडतच आली होती. केसाएवढी स्प्रिंग बसेपर्यंत श्वास रोखून धरणारी बाई ती. तिच्या धीराचं घरभर कौतुक. पण गंमत बघा, इथे तो धीरच तिला खात होता. खेळा नाहीतर खेळू नका, पाळी आली की सक्तीची बोली लावावीच लागे, आणि ती बोली वाढतच चालली होती. आणखी थोडं थांबलं, की चळत इतकी खुजी होणार की तिच्या ऑल-इनला, म्हणजे होतं ते सगळं एकदम लावण्याला, कुणी भीक घालणार नाही. आत्ता मात्र दिराची चळत तिच्याहून बोटभरच उंच होती. त्याने टक्कर घेतली आणि हरला, तर त्याचंही कंबरडं मोडणार होतं.

डॉक्टरांनी पानं टाकली. उरली ती, आणि मोठी सक्तीची बोली लावून बसलेला दीर.

देवा, ती मनात म्हणाली, पानं तू दिलीस, तक्रार नाही. पण जिन्याखाली मी जायची नाही, हे तूही ऐकून ठेव.

"ऑल-इन." तिने दोन्ही हातांनी चळत पुढे लोटली.

दीर हबकून स्वतःशीच पुटपुटला, "हिला राजांची जोडी आलीय! भाजीसुद्धा चारदा उलटून घेणारी बाई ही, थापा कसल्या मारतेय?" हातातला एक्का त्याने दोनदा निरखला, आणि सुस्कारा टाकून पानं फेकली.

आपली पानं दाखवायची तिला सक्ती नव्हती. तिने दाखवली.

डॉक्टर पोट धरून हसले. दिराचे कान लाल झाले. "वहिनी, हे बरं नव्हे!"

"जिन्याखालीही बरं नसतं, भाऊजी."

त्याची बोली पदरात पडल्याने आता तिची चळत त्याच्याहून उंच झाली होती. नवी पानं आली. तिने कोपरे उचलले न उचलले तोच म्हटलं, "ऑल-इन."

"पुन्हा थाप! एकदा फसलो, आता नाही!" गुलाम-दश्शीच्या जोरावर त्याने होतं नव्हतं ते सगळं पुढे ढकललं. डॉक्टरांनी पानं टाकली.

तिने पानं उलटली. राजा, राजा.

दोघांच्याही कामी येणारी मधली पाच पानं एकेक करून उघडली. गुलामाच्या मदतीला कुणी धावलं नाही. मग दीर उठला, आणि पडेल आवाजात म्हणाला, "जिन्याखाली सोफा मावेल का हो?"

"मावायचा नाही. पण दिवा देईन, माझ्यातर्फे." तिने चिप्स पुढ्यात ओढल्या आणि डॉक्टरांच्या डोंगराकडे मान वळवली. "वाटा पुढची पानं."